कोटात, म्हणजे अवतरणचिन्हांत, टाकलेला शब्दसमूह डेटाबेसच्या शोधात सापडत नाही, किंवा भलतंच सापडतं: काय तपासायचं

बडोद्यातल्या एका जुन्या मराठी ग्रंथालयाची सूची आणि स्कॅन केलेल्या अंकांचा शोध मी सांभाळतो. तिथे एक तक्रार सारखी परत येते. कोणी "सक्तीचे प्राथमिक शिक्षण" असं अवतरणचिन्हांत टाकून शोधतं, आणि हे तीन शब्द पानभर कुठेही विखुरलेले असले तरी ती सगळी पानं समोर येतात. नाहीतर याच्या अगदी उलट होतं: मजकूर स्कॅनमध्ये डोळ्यांसमोर आहे, आणि शोध म्हणतो की काही सापडलं नाही. बडोदे संस्थानाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला हा शब्दसमूह लागतोच. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा त्या काळच्या मराठी मजकुरात तो जागोजागी आहे. त्याचा नेमका उल्लेख काढून देता येत नसेल, तर एवढे अंक स्कॅन करण्यात अर्थ नाही.

आमची सूची पोस्टग्रेएसक्यूएलवर आहे, जुनी नोंदवही मायएसक्यूएलवर आणि फोनवरचं ऑफलाइन अ‍ॅप एसक्यूलाइटवर. त्यामुळे या तिन्ही डेटाबेसचं लिहितो. आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. फुल टेक्स्ट सर्च तुमचा मजकूर वाचत नाही. तो मजकुराचे तुकडे पाडतो, म्हणजे टोकन. प्रत्येक टोकनाला जागेचा क्रमांक देतो, आणि शोधाच्या वेळी फक्त ही टोकनं आणि हे क्रमांक पाहतो. शब्दसमूह सापडणं म्हणजे ही टोकनं लागोपाठच्या क्रमांकांवर असणं, एवढंच. म्हणून बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: तुमच्या क्वेरीची, म्हणजे डेटाबेसला पाठवलेल्या प्रश्नाची, टोकनं, मजकुराची टोकनं, किंवा ज्या अक्षरांची ती बनली ती अक्षरं. मराठीत तिसरं ठिकाण सर्वांत जास्त छळतं आणि तिथेच सर्वांत कमी लोक बघतात.

आधी क्वेरीचं काय झालं ते बघा

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्लेनटू_टीएसक्वेरी वापरलं तर शब्दांमध्ये & येतो. म्हणजे तिन्ही शब्द हवेत, पण कुठेही असले तरी चालतील. पानभर विखुरलेले शब्द बहुतेक वेळा इथूनच येतात. लागोपाठ हवे असतील तर फ्रेजटू_टीएसक्वेरी वापरा, म्हणजे शब्दांमध्ये <-> येईल. हे चिन्ह आणि हे फंक्शन ९.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. वाचकाला स्वतः अवतरणचिन्हं टाकू द्यायची असतील तर वेबसर्च_टू_टीएसक्वेरी घ्या, ते ११व्या आवृत्तीपासून मिळतं. कोणतंही घेतलंत तरी ते एकटं सिलेक्टमध्ये चालवून बघा. क्वेरी काय बनली ते सरळ छापून येतं आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

वेबसर्च_टू_टीएसक्वेरी वापरणाऱ्यांनी अवतरणचिन्हं तपासावीत. त्याला फक्त सरळ दुहेरी चिन्ह कळतं. फोनचा कीबोर्ड मात्र पुष्कळदा वळणदार चिन्हं टाकतो, “ आणि ” अशी. ती चिन्हं नुसती विरामचिन्हं म्हणून गळून पडतात, उरलेले शब्द & ने जोडले जातात, आणि वाचकाला वाटतं की आपण तर कोटात टाकलं होतं. संगणकावर चालतं आणि फोनवर चालत नाही अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. क्वेरी डेटाबेसकडे जाण्यापूर्वी सगळी वळणदार चिन्हं सरळ करून घ्या. मायएसक्यूएलसाठीही हे करा.

मायएसक्यूएलमध्ये मॅच आणि अगेन्स्टच्या जोडीत आणखी एक गल्लत होते. एसक्यूएलला मजकूर द्यायला लागणारी एकेरी चिन्हं वेगळी, आणि शब्दसमूह म्हणून सांगणारी दुहेरी चिन्हं वेगळी. दुहेरी चिन्हं एकेरीच्या आत जायला हवीत: अगेन्स्ट ('"सक्तीचे प्राथमिक शिक्षण"' इन बूलियन मोड). आतली चिन्हं टाकायची राहून गेली, तर बूलियन मोडमध्ये प्रत्येक शब्द ऐच्छिक ठरतो. मग तिघांपैकी एक असला तरी ओळ येते. प्रोग्राममधून क्वेरी पाठवताना ही आतली चिन्हं कोणीतरी "साफसफाई" म्हणून काढून टाकलेली असतात. सर्व्हरपर्यंत पोचलेली क्वेरी लॉगमध्ये वाचा, स्वतःच्या कोडमध्ये नव्हे.

मग मजकुराचं काय झालं ते बघा

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टीएस_डीबग हे फंक्शन आहे. त्याला वाक्य द्या, तो प्रत्येक तुकडा, त्याचा प्रकार आणि शेवटी बनलेलं टोकन दाखवतो. याच्याशिवाय तपास करणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं.

पहिला प्रश्न भाषेच्या कॉन्फिगरेशनचा, म्हणजे शब्द कसे छाटायचे आणि कोणते वगळायचे हे ठरवणाऱ्या नियमांचा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मराठीसाठी वेगळं कॉन्फिगरेशन येत नाही. इंग्लिश वापरलं तर देवनागरी शब्द जवळपास जसेच्या तसे राहतात, पण त्याच टेबलातले इंग्रजी मजकूर छाटले जातात. युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सल या दोन्ही इंग्रजी शब्दांचं मूळ एकच ठरतं, म्हणून "युनिव्हर्सिटी लायब्ररी" शोधणाऱ्याला "युनिव्हर्सल लायब्ररी"ही मिळते. शिवाय इंग्रजीतले ऑफ, द, इन असे शब्द वगळले जातात, फक्त त्यांची जागा राखली जाते. "गव्हर्नमेंट ऑफ बडोदा"ची क्वेरी बनते ती "गव्हर्नमेंटचं मूळ, त्यानंतर दुसऱ्या जागेवर बडोदा" अशी. मधल्या जागेवर कोणताही शब्द बसला तरी ती जुळते. नेमकेपणा हवा असेल तर इथे तो गेलाच.

देवनागरी आहे म्हणून काही जण हिंदी कॉन्फिगरेशन लावतात. ते १४व्या आवृत्तीपासून आहे. मराठीसाठी ते लावू नका. हिंदी स्टेमर, म्हणजे शब्दाचं मूळ काढणारा भाग, शब्दाच्या शेवटचे काने, वेलांट्या, मात्रा कापतो, म्हणजे माती आणि माता दोघींचा "मात" होतो. नेमक्या शब्दसमूहासाठी सिंपल हेच कॉन्फिगरेशन बरोबर आहे: ते काही छाटत नाही, काही वगळत नाही, फक्त रोमन अक्षरं लहान लिपीत आणतं. आणि ते इंडेक्स करताना, म्हणजे मजकुराची शोधसूची बनवताना, आणि शोधताना, दोन्हीकडे नाव घेऊन लिहा. नाव न लिहिता सोडलं तर सर्व्हरचं ठरलेलं कॉन्फिगरेशन लागतं. दुसऱ्या सर्व्हरवर ते वेगळं असतं, आणि काल चाललेला शोध आज चालेनासा होतो.

जोडरेघेचे शब्द वेगळे तपासा. "मराठी-गुजराती" यातून पोस्टग्रेएसक्यूएल तीन टोकनं करतो: अख्खा जोडशब्द आणि त्याचे दोन भाग, आणि तिघांना वेगवेगळे क्रमांक देतो. म्हणून जोडरेघ न देता "मराठी गुजराती शब्दकोश" शोधलं तर जोडरेघेचा मजकूर सापडतो, पण जोडरेघ देऊन शोधलं तर जोडरेघ नसलेला सापडत नाही. आमच्याकडे मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे असे शब्द ढिगाने आहेत. मी इंडेक्सच्या कॉलममध्ये जोडरेघेच्या जागी मोकळी जागा घालतो, क्वेरीतही तसंच. ओळ संपताना तोडलेला शब्द, "शिक्ष-" आणि पुढच्या ओळीत "णाचा", हा मात्र निराळा प्रकार आहे. तो स्कॅनमधून मजकूर काढतानाच जोडायला हवा.

कॉलम जोडून टीएसव्हेक्टर, म्हणजे टोकनं आणि त्यांचे क्रमांक यांची साठवलेली यादी, बनवत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. दोन कॉलम || ने जोडले की दुसऱ्याचे क्रमांक पहिल्याच्या पुढून सुरू होतात. शीर्षकाचा शेवटचा शब्द "बडोदे" आणि पुढच्या कॉलमचा पहिला शब्द "संस्थान" असला, तर "बडोदे संस्थान" हा शब्दसमूह तिथे नसतानाही जुळतो. शब्दसमूहाचा शोध प्रत्येक कॉलमवर वेगळा चालवावा. दुसरं, जोडलेल्यांपैकी एक कॉलम नल, म्हणजे काहीच न भरलेला, असला तर सगळंच नल होतं आणि ती ओळ शोधातून गायब होते. नलच्या जागी रिकामा मजकूर धरायला कोअ‍ॅलेस लावा.

आता एक मर्यादा, जी मोठ्या मजकुरात हमखास आडवी येते. टीएसव्हेक्टरमध्ये जागेचा क्रमांक १६३८३ च्या वर जात नाही. त्यापुढच्या सगळ्या शब्दांना हाच क्रमांक मिळतो. शिवाय एका टोकनाच्या फार तर २५६ जागा नोंदल्या जातात. अख्खं पुस्तक एका ओळीत टाकलं असेल, तर पुस्तकाच्या मागच्या भागात शब्दांचा लागोपाठपणाच नोंदलेला नसतो. पहिल्या प्रकरणातला शब्दसमूह सापडतो, शेवटच्या प्रकरणातला सापडत नाही, असं लक्षण दिसलं तर दुसरं काही शोधू नका. उपाय सरळ आहे: एका पानाला एक ओळ. पान उलटताना तुटणारा शब्दसमूह हातचा जाऊ नये म्हणून मी प्रत्येक पानाच्या इंडेक्समध्ये पुढच्या पानाचे सुरुवातीचे थोडे शब्द घेतो. आणि जागा वाचवण्यासाठी कोणी स्ट्रिप फंक्शन लावलं आहे का तेही बघा. स्ट्रिप केलेल्या व्हेक्टरमध्ये क्रमांकच नसतात, त्यावर <-> कधीच जुळत नाही.

मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-पद्धतीत तुकड्याची किमान लांबी ३ धरलेली असते. ही मोजणी युनिकोडच्या घटकांची असते, काना-वेलांटीही एक घटक. घर, मन, जग, वन, फळ, रस: हे सगळे दोन घटकांचे शब्द, म्हणून इंडेक्समध्ये जातच नाहीत. "तन मन धन" शोधून बघा, तिन्ही शब्द दोन घटकांचे, उत्तर रिकामं. इंग्रजीत तीनपेक्षा लहान शब्द बहुधा बिनमहत्त्वाचे असतात, मराठीत मात्र रोजच्या बोलण्यातली नामंच गळतात. इनोडीबी_एफटी_मिन_टोकन_साइज १ किंवा २ करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा, आणि इंडेक्स काढून नव्याने बांधा. शेवटची पायरी राहिली तर सेटिंग बदलूनही काहीच बदलत नाही. मायआयएसएएम या आधीच्या साठवण-पद्धतीची जुनी टेबलं असतील तर तिथे किमान लांबी ४ असते आणि सेटिंगचं नावही वेगळं, एफटी_मिन_वर्ड_लेन. इंडेक्समध्ये खरोखर काय गेलं ते बघायला इनोडीबी_एफटी_ऑक्स_टेबलमध्ये आपल्या टेबलाचं नाव द्या आणि इन्फर्मेशन_स्कीमामधलं इनोडीबी_एफटी_इंडेक्स_टेबल वाचा.

मायएसक्यूएलचा शब्दसमूह विरामचिन्हं पाहत नाही, हेही ध्यानात असू द्या. शब्द तेच आणि क्रम तोच असला की मध्ये स्वल्पविराम असला तरी जुळतं. "गायकवाड सयाजीराव" शोधलं की सूचीतलं "गायकवाड, सयाजीराव" येतं. सूचीच्या कामात हे सोयीचं आहे.

एसक्यूलाइट: मोती शोधलं तर माती का येते

एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या शोधाच्या भागात ठरलेला टोकनायझर, म्हणजे तुकडे पाडणारा, युनिकोड६१ आहे. तो अक्षर, अंक आणि खासगी वापराचे घटक यांनाच शब्दाचा भाग मानतो. देवनागरीतले काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडमध्ये "खुणा" या वर्गात येतात. म्हणजे प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तुटतो.

"मोती" घ्या. म, मग ओची मात्रा, त, मग दीर्घ वेलांटी. मात्रा आणि वेलांटी दुभाजक ठरल्या, उरले म आणि त असे दोन तुकडे. "माती"चेही म आणि त. "मिती"चेही तेच. क्वेरीतल्या एका शब्दाचे असे तुकडे पडले की एफटीएस५ त्यांना शब्दसमूह मानून लागोपाठ शोधतो, आणि तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात. "मोत्याची"सुद्धा येते, कारण तिची सुरुवात म आणि त अशीच होते. आमच्या ग्रंथपाल ताईंनी मोत्यांच्या व्यापारावरचा एक लेख अ‍ॅपवर शोधला आणि शेतीच्या मातीवरची पानं समोर आली, तेव्हा हे नेमकं पकडता आलं.

उपाय एका ओळीचा. टेबल बनवताना टोकनाइझमध्ये कॅटेगरीजचा पर्याय द्या आणि ठरलेल्या एल*, एन*, सीओ या वर्गांच्या जोडीला एमएन आणि एमसी हे दोन वर्ग घाला. जुन्या टेबलाचा टोकनायझर बदलत नाही, टेबल नव्याने बनवून भरावं लागतं. मग एफटीएस५व्होकॅब या प्रकारचं टेबल जोडून टोकनांची यादी वाचा. तिथे "मोती" अख्खा दिसला की काम झालं. एकेकट्या अक्षरांची रांग दिसली तर पर्याय लागू झालेला नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलचा पार्सर या खुणा शब्दातच ठेवतो, तिथे हा त्रास होत नाही.

दिसायला एक, आतून वेगळं

आता मराठीतला खरा गुंता. क्वेरी बरोबर, टोकनं बरोबर, तरी सापडत नाही. अशा वेळी दोन्ही शब्दांची लेंग्थ, म्हणजे घटकांची संख्या, काढा.

"दऱ्या" हा शब्द घ्या, डोंगरदऱ्यांमधला. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोड ०९३१. द, ऱ, हलन्त, य, काना, मिळून लांबी ५. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचा अदृश्य घटक, युनिकोड २००डी. लांबी ६. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. डेटाबेससाठी दोन वेगळे शब्द. कीबोर्ड आणि फाँट कन्व्हर्टर बदलला की तऱ्हा बदलते, त्यामुळे एकाच अंकाच्या दोन पानांवर दोन तऱ्हा सापडतात. दुसऱ्या, साऱ्या, कुऱ्हाड, ऱ्हास, करणाऱ्यांना: मराठीची एक ओळ याशिवाय जात नाही.

यावर पुष्कळ जण सगळे अदृश्य घटक काढून टाकतात. असं मुळीच करू नका. जॉइनर काढला की साधा र आणि हलन्त उरतात, त्याचा रफार होतो, आणि "दऱ्या" ची "दर्या" होते. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. तसंच आचाऱ्यांना आणि आचार्यांना यातला फरक पुसला जातो. एक स्वयंपाकघरातले, दुसरे गुरुकुलातले. आधी "र, हलन्त, जॉइनर" या तिघांच्या जागी "ऱ, हलन्त" घाला. त्यानंतरच उरलेले जॉइनर आणि नॉन जॉइनर (अक्षरं जुळू न देणारा अदृश्य घटक) काढा. क्रम उलटा झाला तर मूळ मजकुराशिवाय दुरुस्ती करता येत नाही.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा एक करणं, इथे अर्धंच कामाला येतं. र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) वेगवेगळे टाइप झाले असतील तर ते जोडून ऱ करतं. जॉइनरच्या तऱ्हेला मात्र ते हात लावत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १३व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, ते पहिल्या पायरीला लावा आणि बाकीचं स्वतः लिहा.

बाकीचं म्हणजे काय? ॲडव्होकेट, ॲप यांतलं ॲ. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्याही मजकुरात अ आणि वर अर्धचंद्र अशी जोडी सापडते, कधी मध्ये जॉइनरसह. हे सगळं ॲ करा. आ आणि अर्धचंद्र असं जोडून केलेला ऑ, तो खरा ऑ करा. आणि जुन्या फाँटमधून बदललेल्या मजकुरात सर्वांत जास्त भेटणारा प्रकार: "लोक" या शब्दात ओची एक मात्रा नसून काना आणि एची मात्रा अशा दोन खुणा. नीट "लोक"ची लांबी ३, या "लाेक"ची ४. बातम्यांच्या जुन्या संग्रहांत असे शब्द खचून भरलेले असतात. काना आणि मात्रा मिळून ओ, काना आणि दोन मात्रा मिळून औ, काना आणि अर्धचंद्र मिळून ऑ, अ आणि काना मिळून आ, असे बदल करून घ्या. अनुस्वार मात्रेच्या आधी टाइप झाला असेल तर तो मात्रेनंतर न्या.

आकडेही सांभाळा. देवनागरी १९०६ आणि इंग्रजी आकड्यांतलं १९०६ ही दोन वेगळी टोकनं आहेत. इंडेक्सच्या कॉलममध्ये सगळे आकडे एका लिपीत आणा, क्वेरीतही.

शंका आली की बाइट बघा. एन्कोड आणि कन्व्हर्ट_टू वापरून शब्द हेक्समध्ये छापला की ई२८०८डी दिसलं तर जॉइनर आहे, ई०ए४बी१ दिसलं तर ऱ आहे. डोळ्यावर विसंबून इथे कोणाचाच निभाव लागत नाही.

जुन्या शुद्धलेखनाला मात्र या फंक्शनमध्ये घेऊ नका. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्याआधीच्या छपाईत "कांहीं", "नांव", "कवि" असंच असणार. तो मजकूर चुकलेला नाही, तो त्या काळचा आहे, आणि नेमका शब्दसमूह शोधणाऱ्याला कधी कधी तेच रूप हवं असतं. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ एक करणारा "सैल" शोध द्यायचा तर वेगळा कॉलम ठेवा आणि वाचकाला तो निवडू द्या.

शब्द तोच, प्रत्यय वेगळा

"बडोदे संस्थान" शोधणाऱ्याला "बडोदे संस्थानात", "बडोदे संस्थानाचा" हेही हवं असतं, पण टोकन वेगळं असल्यामुळे ते येत नाही. हा बिघाड नाही, नेमकेपणाची किंमत आहे. तरी उपाय आहे. टू_टीएसक्वेरीमध्ये शब्दापुढे :* लावलं तर त्या अक्षरांनी सुरू होणारं कोणतंही टोकन चालतं, आणि ते <-> सोबतही चालतं: 'बडोद:* <-> संस्थान:*'. यात बडोदे, बडोदा, बडोद्यातल्या, सगळे येतात. "सक्तीचे"चं "सक्तीच्या" होतं म्हणून 'सक्तीच:* <-> प्राथमिक <-> शिक्षण:*' असं लिहावं, म्हणजे सामान्यरूपापाशी शब्द तोडायचा. फ्रेजटू_टीएसक्वेरीला :* चालत नाही. आणि "संस्थान:*" मध्ये "संस्थानिक"ही येणार, हे मान्य करून चाला. माझ्या मते हे आपोआप करू नये. कोटातला शोध कोटातलाच राहावा, आणि "प्रत्ययांसह" असा वेगळा चौकोन खूण करायला द्यावा.

शेवटची चाळणी

एवढं करूनही फुल टेक्स्ट शोध विरामचिन्हं पाहत नाही, वाक्य संपलं तरी पुढचा शब्द लगतचाच धरतो. अक्षरशः तोच मजकूर हवा असेल तर दोन टप्प्यांत जा. फुल टेक्स्ट इंडेक्सने ओळी कमी करा, आणि त्याच वेअरमध्ये अँड लावून, स्वच्छ केलेल्या मजकुरावर लाइक, म्हणजे मजकूर अक्षरशः जुळवणारी आज्ञा, चालवा. लाइक एकटा चालवला तर तो सगळं टेबल वाचतो, इंडेक्सच्या मागून चालवला तर मूठभर ओळी वाचतो.

लाइकला शब्दाची हद्द कळत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनची शब्दसीमा देवनागरीत वापरू नका, काना-मात्रेपाशी ती फसते. त्यापेक्षा स्वच्छ कॉलमच्या सुरुवातीला आणि शेवटी एक मोकळी जागा घाला, दोन मोकळ्या जागांची एक करा, न तुटणारी मोकळी जागा साधी करा, आणि '% बडोदे संस्थान %' असं शोधा. मायएसक्यूएलमध्ये इथे यूटीएफ८एमबी४_बिन हे कोलेशन लावा, म्हणजे तुलना अक्षराला अक्षर होईल.

ही सगळी स्वच्छता एकाच फंक्शनमध्ये लिहा आणि तेच फंक्शन मजकुराला आणि क्वेरीला, दोघांनाही लावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १२व्या आवृत्तीपासून जनरेटेड कॉलम, म्हणजे दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरले जाणारे कॉलम, आहेत, त्यात ते बसवता येतं. पण फंक्शनमध्ये पुढे कधी बदल केलात तर साठवलेला जनरेटेड कॉलम आपणहून नव्याने मोजला जात नाही. नव्या ओळी नव्या नियमाने जातात, जुन्या जुन्याच राहतात, आणि दुरुस्त केलेली तक्रार काही दिवसांनी अर्ध्या मजकुरापुरती परत येते. फंक्शन बदललं की त्याच दिवशी सगळ्या ओळी अपडेट करून घ्या, आणि दऱ्या, दर्या, लोक, तन मन धन, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, मराठी-गुजराती, मोती आणि माती हे शोध एका फाइलीत ठेवून, कोणत्या शोधाला कोणतं पान यायला हवं आणि कोणतं यायला नको ते लिहून, प्रत्येक बदलानंतर चालवा.